पोच देणारे आडेबाबू

आमच्या शाखेत कर्ज मागायला आलेल्या माणसाला कोणी कधी 'नाही' म्हणत नसे. तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं, आणि आम्ही सगळे चांगल्या घरचे होतो. आम्ही म्हणायचो, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात माणूस आला की फॉर्म संपलेले असत. त्याच्या पुढच्या आठवड्यात फॉर्म आलेले असत, पण साहेब यवतमाळला मीटिंगला गेलेले असत. चौथ्या-पाचव्या खेपेनंतर माणूस आपणहून येईनासा होई, आणि मग आम्ही चहा पिताना म्हणायचो की या लोकांत चिकाटी म्हणून नाही.

महागाव तालुक्यातलं ते गाव. दोन हजार सालानंतरची, कापसाची वाईट वर्षं. मी नेरचा, पंचविशीतला, नुकताच अधिकारी म्हणून लागलेला आणि शाखेत हुद्द्यानं दुसरा. पहिले आमचे मोठे साहेब. तिसरे कर्जाच्या टेबलावरचे कारकून आडेबाबू. ते हुद्द्यानं तिसरे होते. बाकी बाबतींत त्यांचा नंबर कितवा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आडेबाबू दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यातले. तांड्यातला बँकेत लागलेला पहिला माणूस. उंच, वाळके, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. दीड वाजता डबा उघडायचे आणि दोनला पाच कमी असताना बंद करायचे. उरलेल्या पाच मिनिटांत अडकित्त्यानं सुपारी कातरत दारात उभे राहायचे. शाखेचा शाईचा पॅड नेहमी सुकलेला असतो म्हणून स्वतःचा पॅड घरून आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे. मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही. रागावतानाही नाही. साधारणपणे पोस्टाच्या पेटीला जेवढे हावभाव असतात तेवढे त्यांना होते.

त्यांच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात लाल कापडात बांधलेला एक गठ्ठा असे. त्यात बँकेची वीस-बावीस वर्षांची परिपत्रकं होती. आमच्याकडे परिपत्रक येतं ते मोठे साहेब सही करून फाईलला लावतात आणि फाईल कपाटात जाते. आडेबाबू ते वाचत. एवढाच त्यांचा बंडखोरपणा. काही अडलं की ते गठ्ठा सोडत, नेमका कागद काढत, आणि स्वतः न वाचता समोरच्याच्या हातात देऊन म्हणत, 'वाचा साहेब.' कागद त्यांना तोंडपाठ असे. एकदा मी वैतागून म्हणालो की तुम्हीच सांगा ना काय लिहिलंय.

'मी सांगतलं त माह्यं मत होते,' ते म्हणाले. 'तुमी वाचलं त बँकेचं होते.'

मी वाचलं.

नियम त्यांनी जन्मात एक मोडला नाही. पण नियमांचा असा उपयोग करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आम्ही बाकीचे नियम दाखवून माणसाला बाहेर काढत असू. आडेबाबू नियम दाखवून माणसाला आत घेत.

मला लागून महिना झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. शेळ्यांच्या कर्जाबरोबर विमा असे. विम्याच्या शेळीच्या कानात पितळी बिल्ला मारत, आणि शेळी मेली तर बिल्ल्यासकट कान आणून दाखवायचा असं विम्याच्या कागदावर लिहिलेलं असे. मला हे माहीत नव्हतं. तांड्यावरची एक म्हातारी माझ्या टेबलापाशी आली, ओढणीची गाठ सोडली आणि माझ्यासमोर शेळीचा कान ठेवला. मी नुकताच डबा उघडला होता.

आडेबाबू आपल्या जागेवरून उठले. म्हातारीला 'याडी' म्हणाले, म्हणजे आई, आणि तिला खुर्ची दिली. दोघं बराच वेळ आपल्या गोर बोलीत बोलले. मग त्यांनी आवक रजिस्टर उघडून लिहिलं, 'शेळीचा कान, डावा, बिल्ल्यासह, नग एक', आणि म्हातारीला त्याची शिक्का मारलेली पोच दिली.

पुढं विमावाल्यांचा फोन आला की कान नको, नुसता बिल्ला पाठवा. आडेबाबू म्हणाले, लेखी द्या. विमावाल्यांना लेखी द्यायला तीन महिने लागले. तोवर कान मिठाच्या डब्यात, तिजोरीच्या खोलीत. मधेच तपासणीला ऑडिटर आला. त्यानं डबा उघडला, लगेच बंद केला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. आडेबाबूंनी रजिस्टर पुढं केलं. ऑडिटरनं नोंद वाचली, डबा पुन्हा उघडला, मोजलं, आणि समोर बरोबरची खूण केली. म्हातारीला विम्याचे पैसे मिळाले. तिनं दुसरी शेळी घेतली.

ही पोच म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. कर्जाच्या अर्जाच्या खालच्या टोकाला एक चिठोरी असते. टिंबांच्या रेघेवर फाडायची, त्यावर अर्जाचा नंबर आणि तारीख घालायची, गोल शिक्का मारायचा आणि अर्जदाराला द्यायची. अर्ज बँकेत पोचला, एवढाच तिचा अर्थ. जिल्ह्यातल्या बहुतेक शाखांत ती चिठोरी अर्जालाच चिकटलेली राहते, कारण पोच दिली की अर्ज जन्माला येतो. मग त्याला नंबर असतो, नंबर रजिस्टरला चढतो, आणि लहान कर्जाच्या अर्जाचा पंधरवड्यात निकाल द्यायचा असं परिपत्रक आहे. आडेबाबू प्रत्येकाला पोच देत. मागून घ्यावी लागत नसे.

जिल्हा तेव्हा रोज पेपरात होता. मुंबईचे, दिल्लीचे पाहुणे गाड्या घेऊन यायचे, बांधावर उभे राहायचे आणि परत जायचे. पॅकेजं आली. पॅकेज सातबाऱ्याला होतं. ज्याच्याकडे सातबाराच नाही, जो दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून खातो, त्याला कापूस बुडाल्यावर काय, याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता. अशा वेळी मोठे साहेब यवतमाळच्या मीटिंगहून आले आणि आम्हाला केबिनमध्ये बोलावून म्हणाले की वरून सांगणं आहे, आपला भाग बदनाम झालाय, लहान नवी कर्जं जरा दमानं घ्या.

आडेबाबूंनी पेनचं टोपण काढलं. 'साहेब, हे लेखी भेटन काय?'

मोठे साहेब म्हणाले, अहो, वरून तोंडीच आलंय.

'मंग मी तोंडी बंद करतो,' आडेबाबू म्हणाले. 'लेखी चालू राहू द्या.'

ते उठून जागेवर गेले आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला पोच फाडून दिली. मोठे साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

त्यानंतर साहेबांनी शिपायाला सांगून ठेवलं की कर्जाचं गिऱ्हाईक दारातच बघायचं. शिपाई मारोती गरीब माणूस. तो दारातच सगळ्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणू लागला. असं दोन महिने चाललं. मग एक दिवस दोनला पाच कमी असताना आडेबाबू सुपारी कातरत दारात उभे होते आणि समोरून फुली आली.

फुली बौद्ध वस्तीतली. नवरा वीटभट्टीच्या कामाला गेला तो तिकडचाच झाला. पदरात दोन मुली. कापूस वेचायला तिच्याइतका झपाट्याचा हात गावात नव्हता म्हणत, पण बोंडअळीनं वेचायला काही ठेवलं नव्हतं. तिला दोन शेळ्यांसाठी कर्ज हवं होतं. ही तिची पाचवी खेप. मारोतीनं तोंड उघडायच्या आत ती आडेबाबूंनाच म्हणाली, 'मले एकडाव नाई म्हनून टाका बाबू. म्हंजे मी कामाले जातो.'

आडेबाबूंनी सुपारी खिशात टाकली. 'नाई म्हनाचा अधिकार आमाले नाई बाई,' ते म्हणाले. 'आत या.'

मला वाटलं, हे नेहमीसारखं काहीतरी बोलले. पण ते अक्षरशः खरं होतं. गठ्ठ्यात तसा कागद होता आणि तो माझ्याकडून वाचून घेण्यात आला. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराचा अर्ज शाखेनं परस्पर नामंजूर करायचा नाही. करायचाच असेल तर कारणं लिहून वरच्या कार्यालयाकडे पाठवायचा, नकार ते देतील. आणि दुसऱ्या एका कागदात, एवढ्या लहान कर्जाला तारण मागायचं नाही, जामीनदारही मागायचा नाही. दोन्ही कागदांवर मोठ्या साहेबांची 'वाचले' म्हणून सही होती. फुलीकडे जातीचा दाखला होता. अर्ज भरला गेला. शेळ्याच का, असा रकाना होता म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, 'मानसाले खायाले द्या लागते. बकरी आपलं आपलं पाहून घेते.' आडेबाबूंनी त्या रकान्यात लिहिलं, 'चाऱ्याचा खर्च नाही', आणि पोच फाडून दिली.

आता चूक कुठं झाली ते. आम्ही पोचेला कागद समजत होतो. गावात तसं नव्हतं. बँकेचा गोल शिक्का असलेली वस्तू वस्तीतल्या कोणाच्या घरात त्याआधी कधी गेलेलीच नव्हती. लोकांनी पोचा बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवल्या होत्या. किराणावाला पोच बघून महिन्याचं सामान उधार देऊ लागला होता. बँकेत ज्याचा कागद आहे त्याला बँक बुडू देणार नाही, असा त्याचा हिशेब. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं ते बाजारातला शेळ्यांचा दलाल वामन बँकेत आला तेव्हा. तो सरळ कॅशिअरच्या खिडकीपाशी गेला, फुलीची पोच घडी उलगडून ठेवली आणि म्हणाला, याचे पैसे द्या. त्यानं त्या पोचेवर तिला दोन शेळ्या देऊन टाकल्या होत्या. इसार म्हणून तिच्या पायातले चांदीचे वाळे घेतले होते, आणि पोच जवळ ठेवून घेतली होती. एक शेळी मधल्या काळात व्यालीसुद्धा होती.

कॅशिअरला हसू आवरेना. वामनला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. शिक्का तुमचाच आहे ना, असं त्यानं दोनदा विचारलं. तो आमचाच होता हे कबूल करावं लागलं. शेवटी आडेबाबूंनी त्याला बसवून समजावलं की हे कर्ज नव्हे, अर्जाची पोच आहे. वामनला समजलं. तो म्हणाला, येत्या मंगळवारच्या बाजारापर्यंत पैसे आले तर ठीक, नाहीतर शेळ्या पिल्लासकट घेऊन जाईन आणि इसार बुडाला. बाजारात त्याचा हा न्याय सगळ्यांना मान्य होता. माणूस वाईट नव्हता.

त्या दिवशी आडेबाबूंनी डबा उघडला नाही. दुपारी मी त्यांच्या टेबलाशी गेलो तर ते शिक्का हातात धरून बसले होते.

'पोच म्हंजे काय हे मी कोनाले सांगतलंच नाई,' ते म्हणाले. 'मले वाटलं, मले समजते त लोकायले समजत असन.'

मला उदारपणा सुचला. मी म्हणालो, रक्कम काही मोठी नाही, आपण सगळे मिळून वर्गणी काढू आणि वामनला देऊन टाकू. माझी मलाच मोठी कौतुकाची गोष्ट वाटली.

'आपन देले त दान झालं साहेब,' आडेबाबू म्हणाले. 'पुढच्या साली ते बाई पुन्हा दारातच उभी. बँकेनं देले त ते गिऱ्हाईक झाली. गिऱ्हाइकाले मारोती अडवत नाई.'

मी वर्गणीचा विषय सोडून दिला. माझे पैसे वाचले याचा थोडा आनंदही झाला, तो आज लिहून टाकतो.

फुलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता, आणि साहेब त्यावर चहाचा कप ठेवत. त्याच आठवड्यात आडेबाबूंच्या बदलीचा हुकूम आला. कळंब. सोमवारी दुपारी इथून मोकळं व्हायचं. आणि गुरुवारी मोठे साहेब भाचीच्या लग्नाला म्हणून रजेवर गेले ते मंगळवारपर्यंत. आडेबाबू सोमवारी जाणार, साहेब मंगळवारी येणार, मंगळवारी बाजार. साहेबांचं गणित मला मनोमन आवडलं होतं. फक्त त्यांच्या ध्यानात एक राहिलं नव्हतं. रजेच्या काळात शाखेचा प्रभारी मी होतो, आणि लहान कर्ज मंजूर करायचा अधिकार प्रभारीला होता. माझ्याही ध्यानात नव्हतं. आडेबाबूंच्या असणारच.

शनिवारी अर्धा दिवस. मला दोनची दिग्रसची बस पकडून पुढं नेरला घरी जायचं होतं. सव्वा वाजता आडेबाबू केबिनमध्ये आले आणि टेबलावर दोन गठ्ठे ठेवले. डाव्या हाताचा वीतभर जाड, उजव्या हाताला एकच कागद.

मी म्हणालो, साहेब आल्यावर बघू.

'चालते,' ते म्हणाले. 'पंधरवडा होऊन गेला, तवा उशिराच्या रकान्यात कारन लिहा लागते. "बघू" असं लिहू काय? खाली तुमची सही.'

मी म्हणालो, नको. मग काय करता येईल ते सांगा.

त्यांनी डावा गठ्ठा पुढं सरकवला. हा नकाराचा प्रस्ताव होता. वरच्या कार्यालयाला पत्र, तीन प्रती. अर्जाची नक्कल, तीन प्रती. नकाराच्या कारणांचा तक्ता, पाच रकाने, प्रत्येक रकाना प्रभारीनं स्वतःच्या अक्षरात भरायचा. त्याखाली दाखला, की अर्जदाराला मी स्वतः भेटून ऐकून घेतलं आहे. म्हणजे वस्तीत जाणं आलं. मी घड्याळ पाहिलं. उजव्या हाताचा कागद मंजुरीचा होता. सगळा भरलेला, तपासणी झालेली, खाली एका सहीची जागा.

'दोन्ही नियमात हाये,' आडेबाबू म्हणाले. त्यांनी पेन माझ्यापुढं ठेवलं. टोपण काढून.

मी सही केली. पुढं कित्येक वर्षं ही गोष्ट मी लोकांना सांगत आलो ती अशी, की तरुण वयात मी साहेबांच्या विरोधात जाऊन एका गरीब बाईला कर्ज मंजूर केलं. ते खोटं आहे. मी कमी कागदांच्या बाजूनं सही केली. मला बस पकडायची होती. आडेबाबूंनी माझ्यातला चांगला माणूस शोधण्यात वेळ घालवला नाही. जो माणूस समोर होता त्याच्यापुरती त्यांनी तयारी केली होती, आणि त्यासाठी त्यांना शुक्रवारची सगळी दुपार लागली होती. बस मला मिळाली.

मंगळवारी परतल्यावर मोठे साहेब मला जे बोलले ते तोंडी होतं, म्हणून इथं लिहीत नाही.

सोमवारचं सांगायचं राहिलं. सोमवारी बाराच्या सुमाराला मी आडेबाबूंना कार्यमुक्त केल्याच्या पत्रावर सही केली. निरोप-समारंभ वगैरे झाला नाही. साहेब नसताना कोण करणार. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या मोजून दिल्या, हजेरीपटावर शेवटची सही केली, हातात पिशवी घेतली आणि कळंबकडची बस एकची असल्यामुळे गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. बाकावर त्यांच्या शेजारी फुली होती. धुतलेलं लुगडं, जवळ धाकटी मुलगी. तिचे कागद कॅशिअरकडे गेलेले होते. मी केबिनच्या काचेतून बघत होतो.

कॅशिअरनं नाव पुकारलं. 'पंचफुला देवराव भगत.'

कोणी उठलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. बाकावरची सगळी माणसं इकडंतिकडं बघू लागली की ही पंचफुलाबाई कोण. फुलीनंही मान वळवून दाराकडं पाहिलं. गावानं, सासरानं, रोजगार हमीच्या मुकादमानं तिला जन्मभर फुली म्हणून हाक मारलेली. हे अख्खं नाव कागदावर होतं, पण तिला कोणी ते मोठ्यानं ऐकवलेलं नव्हतं. कॅशिअर तिसऱ्यांदा पुकारून कागद बाजूला ठेवायच्या बेतात होता.

आडेबाबू तिच्याकडे वळले. 'बाई, उठा,' ते म्हणाले. 'ते तुमीच हाये.'

फुली उठली. तिनं पदर सारखा केला, मुलीचा हात सोडला, आणि खिडकीसमोर जाऊन कामावर हजेरी देतात तशी ताठ उभी राहिली.

'हाजर,' ती म्हणाली.

कॅशिअर हसला नाही. त्यानं तिला अंगठा कुठं लावायचा ते दाखवलं. तिथला पॅड सुकलेला होता. आडेबाबू आता शाखेचे कोणी नव्हते. ते बाकावरून उठले, पिशवीतून आपला पॅड काढून खिडकीत ठेवला, तिचा अंगठा उठेपर्यंत थांबले, आणि पॅड तिथंच राहू देऊन बाहेर पडले. मी उठून त्यांना बसपर्यंत पोचवायला हवं होतं. मी केबिनमध्येच बसून राहिलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते. काचेतून ते रस्ता ओलांडताना दिसले. मारोती त्यांची पिशवी घ्यायला मागून धावला, पण त्यांनी ती दिली नाही.